अंगठ्याचा दिवस

सुभद्राक्कानं आधी माझा अंगठा पाहिला. नाव नंतर विचारलं.

पेनगंगेच्या अलीकडच्या त्या गावात मी ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून नवाच रुजू झालो होतो. आमच्या तेलंगणात या माणसाला कार्यदर्शी म्हणतात आणि गावातली मराठी माणसंही तेच म्हणतात. पंचायतीचं कुलूप उघडून मी खुर्चीवरची धूळ झटकत होतो, तेवढ्यात एक उंच, सावळी, पन्नाशी ओलांडलेली बाई दारात येऊन उभी राहिली. मोकळं कपाळ, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि बाजारात वांगी पारखावीत तशी नजर.

"आंगठा दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवला. का दाखवला ते आजही सांगता येणार नाही. अक्कानं काही मागितलं की माणूस ते देऊन मोकळा व्हायचा आणि कारण मागाहून विचारायचा. तिनं माझा अंगठा उजेडाकडे वळवला, चाचपला आणि तिचं तोंड खुललं.

"हा चालन. यानं कदी कामच नाई केलं."

अक्का गावची पोस्टमास्तर होती. म्हाताऱ्यांचं, विधवांचं, अपंगांचं सरकारी पेन्शन तिच्या हातून वाटलं जायचं. ज्याचं पेन्शन त्यानं मशीनवर अंगठा ठेवायचा, ठसा जुळला की पैसे मिळायचे. ज्यांचा काही केल्या जुळत नाही त्यांच्याकरता कार्यदर्शीनं साक्षीला आपला अंगठा द्यायचा, असा नियम. म्हणजे गावाच्या लेखी मी मुख्यतः एक अंगठा होतो. बाकीचा मी त्याच्यामागं फरफटत आलेलो.

ही नोकरी मुळात तिच्या नवऱ्याची, रघुनाथरावांची. ते कावीळ होऊन अचानक गेले आणि त्यांच्या जागी अक्का लागली. तिला मराठी यायची, तेलुगू यायची आणि गोंडांच्या वस्तीवर भांडण्यापुरती गोंडीही यायची. अक्का हा शब्द मराठीतही चालतो आणि तेलुगूतही, त्यामुळे सगळ्यांनी तिला एकाच नावानं हाक मारली आणि कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

पेन्शन अमुक तारखेला येणार असं कधीच नसायचं. ते यायचं तेव्हा यायचं. पण आदिलाबादहून निघाल्याची कुणकुण लागली की अक्का सकाळी नळावर जाऊन मोठ्यानं सांगायची, "आंगठे राखा व मायहो!" मग गावातल्या म्हाताऱ्या बाया उजव्या अंगठ्याला चिंधी बांधून कापूस वेचायला जायच्या. पिकलेल्या बोंडाची वाळकी टोकं बोटांना अशी काही ओरबाडतात की दोन हंगामांत ठसा म्हणून काही शिल्लक राहत नाही. उरलेल्या बोटांनी वेचणी व्हायची ती निम्मी. शेतमालक कुरकुर करायचे, पण त्यांचीही आई कुठंतरी अंगठ्याला चिंधी बांधून बसलेली असायचीच. त्यामुळे ती कुरकुर फार लांब जायची नाही.

आणि मग तो दिवस उजाडायचा. सगळं गाव त्याला अंगठ्याचा दिवस म्हणायचं.

पंचायतीपुढच्या पत्र्याच्या मांडवात अक्का सतरंजी टाकायची. बाजूला तीन दगडांची चूल आणि तिच्यावर जर्मनच्या भगुण्यात कोमट पाणी. समोर बसलेल्या म्हातारीचा हात ती त्या पाण्यात धरायची, चोळायची, पंच्यानं टिपायची, अंगठ्याला खोबरेलाचं बोट लावून पुन्हा पुसायची, वर एक फुंकर घालायची आणि मग मशीनवर दाबायची. ठसा जुळला की ओरडायची, "उगवला!" सगळी लाइन हसायची. नाही जुळला तर डोळे वटारून, "काऊन व बुढे, चोरून कापूस येचला नं?"

"नाई व अक्का, देवाशपथ."

"मंग भांडे घासले असन. बस तिकडं, हात पदरात गुंडाळून. आंगठा जरा निजू दे, मंग पाहू."

एकेका हाताला इतका वेळ लागायचा की पाठीमागचे कंटाळायचे. कुणी घाई केली की अक्काचं ठरलेलं उत्तर होतं, "घाई असन त बँकेत जाय." बँक मंडलाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या, गावी. तिथं जायला दोन जीपा बदलाव्या लागतात आणि तिथं कुणी हात धुऊन देत नाही. त्यामुळे घाई लगेच संपायची.

माझा अंगठा ती अगदी शेवटी वापरायची. मी सकाळपासून नवरदेवासारखा खुर्चीवर बसलेला आणि माझी पाळी दुपारी यायची. एकदा मी चिडलो. म्हटलं, अक्का, ज्यांचं उगवणार नाही हे ठाऊक आहे त्यांचं मी पटापट करून देतो, सगळेच जेवायला जातील. ती म्हणाली, "जेवण काय पळून चाललं, भाऊ? तुमच्या आंगठ्यानं पैसा भेटते. पण बुढीले वाटते का आपून हाओतच नाई." मला ते पटलं, पण पोटात भूक होतीच.

मांडवाभोवती ती चुन्याची फक्की टाकायची, कबड्डीच्या मैदानाला टाकतात तशी. रेषेच्या आत फक्त पेन्शनवाले. मुलं, सुना, नातवंडं, गुत्तेवाला, सगळे बाहेर. पैसे हातात पडले की म्हातारीनं बसल्या जागी ते बटव्यात घालायचे, गाठ मारायची, बटवा पोलक्यात खोवायचा आणि मगच उठायचं. कुणाचा पाय रेषेवर आला तर अक्का काहीही बोलायची नाही. नुसती हाताची घडी घालून बसायची. काम बंद. मग ज्याचा पाय असेल त्याला अख्खी लाइन शिव्या घालायची.

एकदा एक तरुण आपल्या लुळ्या पडलेल्या आईला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आला आणि तसाच रेषा ओलांडून आत शिरला. भला पोरगा, आईची आंघोळीपासून सगळी सेवा करणारा. अक्कानं म्हातारीला सतरंजीवर टेकवून घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लय चांगलं केलं बापा. आता जाय भायेर." तो मुकाट्यानं गेला. मला ते फार लागलं. नंतर मी तसं बोलून दाखवलं.

"मले का नाई लागलं?" ती म्हणाली. "पण याले आत ठेवलं त मंग त्या दारुड्या सुरेशले कोन्त्या तोंडानं भायेर ठेवू?"

सुरेशला ती रेषेबाहेर ठेवायची, पण त्याच्या आईला उठवताना त्यालाच हाक मारायची, "ये रे, मायचा हात धर, घरी ने." बटवा पोलक्यात गेलेला असायचा. सुरेश आईला धरून नीट न्यायचा. पुढं घरी काय होत असेल ते अक्कालाही ठाऊक होतं आणि मलाही.

ज्यांना येता यायचं नाही त्यांच्याकडे आम्ही जायचो. माझ्या मोटारसायकलवर मागं अक्का, तिच्या मांडीवर मशीन. डोंगराच्या पायथ्याच्या गोंड वस्तीत जंगू आजा नावाचा एक म्हातारा खाटेला खिळलेला होता. त्याच्या अंगठ्यावर ठसा नावालाही नव्हता, गुळगुळीत झाला होता. तरी अक्का दर वेळी सुनेकडून गरम पाणी मागायची, सगळा सोहळा करायची आणि त्याचा अंगठा मशीनवर टेकवायची. मशीन लाल. मग ती मला डोळ्यांनी खुणवायची. मी माझा अंगठा ठेवायचा, पण कसा? तर माझ्या अंगठ्यावर म्हाताऱ्याचा हात ठेवून, दोघांचा मिळून दाबल्यासारखा. मशीन हिरवं व्हायचं.

"उगवला, आजा!"

जंगू आजाला बोलता येत नव्हतं. तो हसायचा, दात नसलेलं भरगच्च हसू. परत येताना अक्का मागून म्हणायची, "त्याईलेच वाटू द्या, त्याईचाच उगवला म्हनून. तुमचं काय जाते?" खरंच माझं काही जात नव्हतं. उलट त्या कोरड्या, हलक्या हाताचं वजन मला दिवसभर आवडत राहायचं.

आता अंजनाबाईचं सांगायला हवं.

अंजनाबाई ही अक्काची सासू. दोन गल्ल्या सोडून जुन्या घरात एकटी राहायची. रघुनाथराव गेले तेव्हा म्हातारीचं म्हणणं होतं की पोस्टातली जागा धाकट्याला, दिलीपला मिळावी, बाईमाणूस पोस्टात बसून काय करणार? अक्काच्या पदरात दोन लहान मुली होत्या. तिनं कुणाशी वाद घातला नाही, आदिलाबादला जाऊन सही करून आली. दिलीप नदीपल्याड महाराष्ट्रात जिनिंगमध्ये कामाला लागला, तिथंच लग्न करून राहिला आणि गावाला यायचा विसरला. एक पोरगा मरणानं नेला आणि दुसरा सुनेनं घालवला, असा अंजनाबाईनं हिशेब मांडला. अक्कानं पोस्ट उघडलं त्या दिवशी ती अक्काशी शेवटचं बोलली. काय बोलली ते अक्कानं मला कधी सांगितलं नाही. सणावाराला नातींच्या हाती पाठवलेलं ताट झाकलेलं तसंच परत यायचं. वाटेत समोरासमोर आल्या तर म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

पण पेन्शन तर तिचंही अक्काकडेच होतं.

ती यायची सगळ्यांच्या शेवटी. पदर नाकापर्यंत ओढून सतरंजीच्या टोकावर बसायची आणि हात पुढं करायची, जणू तो हात तिचा नव्हेच, कुणाचा तरी आणून दिलाय. अक्का इतरांना मावशी, काकू, बुढे अशा हाका मारून मारून दमलेली असायची. इथं तिचा आवाज बंद. पाणी नव्यानं कोमट करायची. तो हात दोन्ही हातांत घेऊन भगुण्यात धरायची, एकेक बोट चोळायची, नखांतली माती काढायची. टिपायची, तेल लावायची, पुसायची. मशीनवर ठेवायची. लाल. पुन्हा पाणी. पुन्हा लाल. दोघीही खाली बघत बसलेल्या.

मी गावात नवा होतो तेव्हा एकदा बराच वेळ असा गेल्यावर मी चटकन पुढं झालो आणि म्हटलं, सरका, मी देतो माझा. अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी होतो तिथंच उभा राहिलो.

"थांबा. उगवते."

उगवला, अखेर. इथं मात्र तिनं तो शब्द मोठ्यानं म्हटला नाही. म्हातारी बटवा खोवून निघून गेली. चूल विझवताना अक्का माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "राग नका मानू, भाऊ. महिन्यातून तेवढाच हात हाती येते."

मला रडू आलं. ते लपवायला मी सतरंजी झटकायला घेतली आणि सगळी धूळ तिच्या अंगावर उडवली. त्यावरून मात्र तिनं मला भरपूर ऐकवलं.

मग अंगठा बंद झाला. मंडलाला बोलावून आम्हाला नवा फोन दिला. आता चेहरा दाखवायचा, फोनातल्या गोलात तोंड आणायचं, डोळे मिचकावायचे, झालं. काही वेळा करूनही जुळलं नाही तर कार्यदर्शीनं आपला चेहरा द्यायचा. पाणी नको, तेल नको, चिंध्या नकोत. सगळे खूश झाले. जुनी मशीनं तिथंच जमा करून घेतली. अक्कानं आपलं मशीन देताना पदरानं पुसलं.

पहिल्या महिन्यात गावात जत्रा झाली. म्हाताऱ्या पावडर लावून आल्या. एक आजोबा नातवाचा गॉगल घालून आले आणि काढायला तयार होईनात. डोळे मिचकावणं हे प्रकरण तर फारच अवघड गेलं. आमच्या बायांना एक डोळा मिटला की दुसरा उघडा ठेवायची सवय नाही, आणि दोन्ही मिटले तर त्या मिटूनच बसायच्या. अक्का समोर बसून करून दाखवायची. "अशी मार डोळा. अशी."

"हट व! या वयात डोळा मारू का मी?" एक काकू लाजून पदराआड गेली. "पोस्टमास्तरीन काय काय शिकवून राह्यली पाहा!"

मांडव हसून लोळला. अक्काही हसली. पण तिचे हात नुसते मांडीवर पडून होते, आणि ते मला बघवेनात.

अंजनाबाई शेवटी आली. बसली. सवयीनं हात पुढं केला. कुणीतरी म्हणालं, "आता हात नाई बुढे, तोंड दाखवा लागते. पदर काढ, अक्काकडं पाहाय." फोन अक्काच्या हातात, अक्काच्या तोंडासमोर. म्हातारीनं हात मागं घेतला. क्षणभर बसली आणि उठून चालू लागली. पैसे न घेता.

पुढच्या महिन्यात ती आलीच नाही.

लागोपाठ काही महिने कुणी उचललं नाही की त्याचं नाव आपोआप गळतं. मग माणूस गाव सोडून गेला किंवा मेला, असं धरतात. पुन्हा नाव घालायचं म्हणजे म्हातारीच्या आयुष्यापेक्षा लांब काम. आणि तिला दुसरा आधार नव्हता. दिलीप काही पाठवत नव्हता. सुनेचं ती घेत नव्हती. तिसऱ्या महिन्यात मी स्वतः तिच्या घरी गेलो. घरात ज्वारीच्या कण्या शिजत होत्या, त्याही पातळ. म्हटलं, आजी, हा महिना चुकला तर नाव जाईल. या. फोन मी धरतो, अक्का बाहेर थांबेल.

"तिले इचारलं?" तिनं चुलीकडे बघत विचारलं.

मी विचारलं नव्हतं. परत येऊन विचारलं. अक्का म्हणाली, "येवढंच ना? मी जातो रेघेच्या भायेर. बुढी उपाशी नोको राहायले."

तो माझा त्या गावातला शेवटचा अंगठ्याचा दिवस होता. अंगठा गेला तरी लोकांनी नाव तेच ठेवलं होतं. माझी बदलीची ऑर्डर आली होती, इचोड्याकडं. सगळ्यांचं आटोपल्यावर अंजनाबाई आली. अक्कानं फोन माझ्या हातात दिला आणि जाऊन चुन्याच्या रेषेबाहेर, मुलासुनांच्या घोळक्यात उभी राहिली. इतकी वर्षं लोकांना तिथं उभं करणारी बाई. तिला जागा करून द्यायला सगळे बाजूला सरकले.

मी फोन धरला. म्हातारीनं पदर मागं सारला. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. नाक रघुनाथरावांच्या फोटोतलं होतं. मी म्हटलं, आजी, फोनात बघा. ती बघेना. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं, रेषेवर.

"तिले काऊन भायेर उभं केलं?" ती म्हणाली.

"तुम्हीच तर..." मी म्हटलं.

"मी कोठी म्हनलं? बोलाव तिले."

अक्का आली. मी फोन तिच्याकडे दिला आणि बाजूला झालो. ती सतरंजीवर बसली. तिनं फोन उंच धरला, चेहरा त्याच्याआड जाईल असा. पण फोन खाली खाली येत होता. म्हातारी तिच्याकडे बघत होती. फोनाकडे नाही, तिच्याकडे. फोन सांगत होता, समोर बघा, डोळे मिचकावा. तिनं डोळे मिचकावले नाहीत. लाल झालं. अक्कानं पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. आजी, अंमळ वर, फोनात, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"लय वाळली व तू," अंजनाबाई म्हणाली.

अक्काच्या हातातला फोन मांडीवर आला. "आत्याबाई," एवढंच ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

मी हळूच फोन उचलला. चेहरा जुळत नाही हे फोननं मान्य केलंच होतं. मी माझं तोंड गोलात आणलं, डोळे मिचकावले. ते ओलेच होते, पण सरकारला चाललं. अंजनाबाईचं पेन्शन मंजूर झालं. मी पैसे सतरंजीवर ठेवले. ते कुणी उचललेच नाहीत.

रेषेबाहेर सगळे बघत उभे होते. मी मोटारसायकलीकडे निघालो. वळून पाहिलं तर अक्कानं म्हातारीचा हात धरला होता, दोन्ही हातांत, आणि त्यावर कपाळ टेकून ती हुंदके देत होती.

"उगी राह्य," अंजनाबाई तिला रागावत होती. "लोकं पाहून राह्यले ना." पण तिनं हात सोडवून घेतला नाही.